टोकाची गोळी

श्रावण संपत आला की गल्लीत मांडवाचे बांबू येऊन पडतात आणि माझी दुपारची झोप जाते. खिडकीतून बघत बसलो. एक पोरगा बल्लीला पायाचा विळखा घालून आडवा बांबू बांधत होता, काथ्यानं. खालच्या टेम्पोतलं सामान मात्र निळ्या नायलॉननं आवळलेलं.

"अरे, नायलॉन का नाही वापरत?" पेठेत न मागता चौकशी करायला परवाना लागत नाही.

"सरकतं ओ काका. गाठ धरत नाही."

अगदी खरं. वाळत घालायच्या दोरीला मारलेली निरगाठ दोन पावसांत सुरगाठ होते, असा माझाही जुना राग आहे.

तसं ते आलं मोज्यांमधून. १९३५ साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्सनं नायलॉन बनवलं आणि १९४० साली बायकांनी त्याच्या मोज्यांसाठी रांगा लावल्या. दोर व्हायला युद्ध लागलं. जपाननं १९४२ मध्ये फिलिपिन्स घेतलं, जहाजांचे दोर ज्याचे व्हायचे तो मनिला वाख बंद झाला, आणि नायलॉन पॅराशूटला, ग्लायडर ओढायला गेलं. ताणलं की लांबतं, हिसका पोटात घेतं. मग १९५४ मध्ये इटलीत नाट्टा या रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिप्रॉपिलीन हे दुसरं प्लास्टिक काढलं. ते पाण्यावर तरंगतं, म्हणून कोळ्यांच्या कामाचं. पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानांत नायलॉन म्हणून मागितलं तरी पुष्कळदा तेच हातात पडतं.

सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणे. नायलॉनचा नाही राहत. वडील नव्या दोरीचं टोक मेणबत्तीवर धरायचे, वितळून त्याची काळी गोळी व्हायची. मला तो वास आवडायचा.

आजोळी, नगरकडे, पोळ्याच्या आधी एक म्हातारबाबा दावी आणि कासरे घेऊन यायचे. दोर वळणं हे मातंग समाजाकडचं काम. घायपात कुजवायचा, बडवायचा, वाख काढायचा, मग वळायचा. पीळ देताना दुसरं टोक आम्हा पोरांच्या हातात. तळवे नुसते खाजायचे. वर्षात दावं झिजायचं, कुजायचं, आणि त्यावरच त्यांचं पुढचं वर्ष असायचं. नायलॉन कुजत नाही.

मामानं तालुक्याहून हिरवी दावी आणली, त्या पोळ्यालाही बाबा आले. आजीनं सूपभर ज्वारी पुढे केली, दावी नको म्हणाली. त्यांनी ज्वारी घेतली नाही.