धार होती, तरी स्की घसरत का होती

दोन सीझन मी एकच गोष्ट करत होते. कडक बर्फावर स्की घसरली की त्याच संध्याकाळी एजवर, म्हणजे स्कीच्या कडेला असलेल्या स्टीलच्या पट्टीवर, साइडच्या बाजूने कानस फिरवायची. मग नख एजवर घासून बघायचं, नखाचा पांढरा भुगा निघाला की झालं, धार आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर गोठलेल्या उतारावर तिसऱ्या-चौथ्या टर्नलाच बाहेरची स्की पायाखालून सर्रकन निघून जायची. दुपारी बर्फ मऊ झालं की सगळं छान, त्यामुळे मला वाटायचं की धारच कमी पडतेय, आणि मी परत कानस घ्यायचे.

चूक धारेत नव्हतीच, बेस बेवेलमध्ये होती, म्हणजे स्कीच्या तळाच्या (बेसच्या) बाजूने एजला दिलेल्या तिरकेपणात.

एजला दोन बाजू असतात, एक बेसच्या बाजूची आणि एक साइडची. साइडची बाजू ९० अंशांवरून १ ते ३ अंश आत घेतात, म्हणून लोक ८९, ८८, ८७ असं बोलतात, आणि त्याने एजचं टोक अणकुचीदार होतं, कडक बर्फात लवकर शिरतं (आणि बोथटही लवकर होतं, हे आलंच). बेसची बाजू साधारण अर्धा ते एक अंश वर उचललेली असते, नाहीतर स्की सपाट ठेवून सरळ जातानाही एज कुठेतरी अडकते. आता मला जे खूप उशिरा कळलं ते हे की बेस बेवेल जितका जास्त तितकी तुमची स्की कलवण्याची मेहनत वाया जाते. तुम्ही स्की १० अंश कलवली आणि बेस बेवेल २ अंश असेल तर एजची खालची बाजू बर्फावर ८ अंशांनीच टेकते. मऊ बर्फात एज खोल जाते, अख्खी स्कीच आधार देते, तिथे हे दोन अंश जाणवतही नाहीत. पण कडक बर्फात एज जेमतेम जरासं कोरते आणि तुम्ही त्या कोरलेल्या अरुंद पायरीवर उभे असता. ती पायरी उताराच्या बाहेरच्या बाजूला थोडी जरी झुकलेली राहिली तरी पाय टिकत नाही, मग धार कितीही असो.

आणि माझा बेवेल वाढला कसा तर माझ्याच हाताने. साइडला कानस मारली की बेसच्या बाजूला धातूचं बारीक कुसळ वळून येतं, ज्याला बर म्हणतात. ते काढायला मी डायमंड स्टोन (हिऱ्याची पूड बसवलेली घासपट्टी) नुसता हातात धरून, गाइड, म्हणजे स्टोन ठरावीक कोनात धरणारा साचा, न लावता, बेस एजवर फिरवायचे, आणि दर वेळी हात थोडासा कलायचा. दोन सीझन हेच. शेवटी एका रात्री बेस एज मार्करने काळी केली, १ अंशाच्या गाइडमध्ये बारीक स्टोन लावून एकच हलका हात फिरवला आणि बघितलं तर शाई फक्त आतून, बेसला लागून निघाली होती, बाहेरच्या कडेला काळी रेघ जशीच्या तशी. म्हणजे बेवेल १ पेक्षा जास्त. स्कीच्या टोकाकडे जरा बरं होतं, बुटाखाली सगळ्यात वाईट, आणि नेमका तिथेच सगळा जोर येतो. गेजने (कोन मोजायच्या साधनाने) मोजलं तर जवळजवळ २ अंश.

हे साइडला कानस मारून भरून येत नाही. बेस मशीनवर घासून एजच्या पातळीला आणावा लागतो आणि मग बेवेल नव्याने घ्यावा लागतो. मी ०.७५ बेस आणि ३ साइड करून घेतलं. ज्यांना अजून एजवर उभं राहायची सवय व्हायचीये त्यांनी बेस १ आणि साइड २ ठेवावं असं माझं मत आहे, ०.५ च्या नादी लागू नये, स्की पटकन पकडते आणि लवकर सोडत नाही.

कुसळाबद्दल अजून थोडं, कारण तेही फसवतं. कुसळ असलेली एज नखाला तिखट लागते, पण ते पातळ असतं, कडक बर्फावर पहिल्या काही टर्नमध्ये वाकतं नाहीतर तुटतं आणि मग खाली उरते ती खडबडीत कड. मी आता नखावर विश्वास ठेवत नाही, कापसाचा बोळा एजवरून हलकेच ओढते, जिथे तंतू अडकतो तिथे कुसळ आहे. साइडला आधी जाड मग बारीक डायमंड स्टोन, पाण्याने ओला करून, आणि बेसच्या बाजूला सगळ्यात बारीक स्टोन, गाइडमध्येच, दोन-तीन हात, बस. दगडावर आपटलेल्या जागी थेट कानस लावू नका, तिथलं स्टील कडक झालेलं असतं, कानस नुसती चरचर करत वरून जाते आणि तिचे दातही जातात, आधी जाड स्टोनने तो डाग घालवा.

१९२६ च्या सुमारास साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनरने लाकडी स्कीला स्टीलच्या पट्ट्या बसवल्या, त्याआधी लोक नुसत्या लाकडाच्या कडेवर हे उतार उतरायचे, ते कसं जमायचं ह्याचा विचार मी कानस बाजूला ठेवताना खूपदा करते.

बेस घासून आणल्यानंतरच्या पहिल्या सकाळी, तोच उतार, तसंच गोठलेलं बर्फ, मी मुद्दाम सहा टर्न घेऊन थांबले आणि मागे वळून बघितलं. आधी माझ्या मागे हातभर रुंद खरवडलेला पट्टा असायचा. आता दोन बारीक रेघा होत्या, टर्नच्या पोटातही बारीकच, फक्त चौथ्या टर्नला जिथे मी आत जास्त झुकले होते तिथे एक रेघ बोटभर फाकली होती.