गाडीत बसलं की गाडी दिसत नाही

बुधवार, रात्री साडेदहा

गाडी घरी येऊन आज सहा दिवस झाले. रोज सकाळी दूध आणायला खाली उतरतो आणि पिशवी हातात तशीच धरून तिच्यापाशी उभा राहतो. कव्हरचा एक कोपरा उचलायचा, मागचा दिवा बघायचा, डिकीची कड बघायची, पुन्हा झाकायचं. आज वॉचमनने विचारलंच, "काका, काही हरवलंय का?"

काळी कॉन्टेसा, 1991 ची, पेट्रोल. मालक साठीचा, रिटायर्ड, उजवा खांदा धरलेला.

हल्लीची पोरं हिला भारताची मसल कार म्हणतात. आमच्या वेळी हा शब्द नव्हता, आम्ही नुसतं "मोठी गाडी" म्हणायचो. धाकटीने परवा जेवताना मला खऱ्या अमेरिकन मसल गाडीचे आकडे वाचून दाखवले. 1964 ची पॉन्टिॲक जीटीओ, आठ सिलिंडर, 6.4 लिटरचं इंजिन, 325 अश्वशक्ती. माझ्या गाडीत इसुझूचं 1.8 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आहे, नवं होतं तेव्हा 88 द्यायचं. आणि हे सुधारलेलं. 1984 ला कॉन्टेसा आली तेव्हा तिच्यात दीड लिटरचं, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं इंजिन होतं. अंग पैलवानाचं आणि पगार कारकुनाचा. "बाबा, माझी स्विफ्ट 1.2 लिटरमध्ये एवढंच देते," असं धाकटी म्हणाली तेव्हा मी कोशिंबीर मागून घेतली.

पण ताकद बघायला कोण गेलं होतं! गाडीचा साचा मूळचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. व्हॉक्सहॉल 1925 पासून 2017 पर्यंत जनरल मोटर्सच्या मालकीची होती, म्हणून गाडी इंग्लिश असली तरी लांब बॉनेट आणि मागच्या दारापाशी उचललेली कंबर थेट अमेरिकन वळणाची. तिकडे ती बंद पडली आणि तिच्याच साच्यावर कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने 2002 पर्यंत गाडी काढली. म्हणजे अठरा वर्षं. कारखान्याच्या टूलरूममध्ये जन्म घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. एकाने जुनाट म्हणून सोडून दिलेलं डिझाइन दुसऱ्याकडे थाटाची गाडी म्हणून अठरा वर्षं मिरवलं. मंत्री बसले, कारखानदार बसले, सिनेमातले स्मगलर तर कायमच बसले.

मी मात्र उभा होतो. 1988 चा जुलै, नाशिकमधल्या सातपूरचा बसस्टॉप, पहिली पाळी सुटलेली. ॲप्रेंटिसशिप संपवून नुकताच कायम झालो होतो. एसटीची शहर बस नेहमीप्रमाणे दिसत नव्हती आणि त्र्यंबक रोडवर पाणी साचलेलं. तेवढ्यात ती आली. कुठल्या कंपनीच्या साहेबांची होती कोण जाणे, काचा वर, आत नुसता पांढरा शर्ट दिसला. इतर गाड्या यायच्या आणि जायच्या. ही जात होती तर जातच होती. आधी बॉनेट, मग दारं, मग मागची काच, तरी अजून गाडी शिल्लक! शेवटी डिकी गेली आणि डबक्यातलं सगळं पाणी माझ्या पँटवर आलं. शेजारचा फिटर आईबहिणीवरून शिव्या घालत होता आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात हसत होतो. त्या नादात मागची बसही गेली.

त्यानंतरचं सगळं चारचौघांसारखं. सायकल, चेतक, सेकंडहँड मारुती 800, दोन पोरींची शिक्षणं, मग वॅगनआर. कॉन्टेसा दिसायच्या कमी झाल्या, मग दिसेनाशाच झाल्या. मीही विसरलो असं मला वाटत होतं.

गुरुवार

काल लिहिता लिहिता झोप लागली. आज गाडी कशी मिळाली ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढे गोष्टीत मीठमसाला वाढत जाईल.

निफाडजवळ एका द्राक्ष बागायतदाराच्या मळ्यात ती उभी होती, कांद्याच्या चाळीला टेकून. टपावर क्रेट रचलेले, चारही टायर बसलेले. थोरल्या मालकांनी एका चांगल्या हंगामात हौसेने घेतलेली, ते गेल्यापासून कुणी चावी लावली नव्हती. मी जाताना पिशवीत डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड नेला होता. पत्रा तपासायला याच्यासारखं हत्यार नाही. रंग खरवडू नये म्हणून खाली धोतराचं फडकं धरायचं, खटका फिरवायचा आणि इंच इंच सरकवत न्यायचा. खाली पत्रा असेल तर चुंबक घट्ट बसतो, पुट्टी भरलेली असेल तर घसरतो. उजवी बाजू, टप, बॉनेट, सगळीकडे बसला. डाव्या मागच्या दाराच्या खाली आला आणि सरळ मातीत पडला. तिथे बोटभर पुट्टी होती. मालकाचा मुलगा म्हणाला, "तिथं बैलगाडीचा आख लागला होता." मी त्याचे दहा हजार कमी केले. सौदा दोन लाख चाळीसला ठरला.

सीटखाली उंदरांची तीन घरटी निघाली. ट्रेलरवर चढवताना आजीबाई बाहेर आल्या, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि मला एकच विचारलं, "मोडायला तर नेत नाही ना?"

पुढचे अकरा महिने गाडी सारडा सर्कलजवळच्या एका चाचांकडे. चाचा माझ्याच वयाचे, तरुणपणी कॉन्टेसा रोजच्या रोज उघडलेले. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "साहेब, ही गाडी चालवायची नसते, पाळायची असते." पाळायचा खर्च पावणेचार लाख झाला. फ्लोअरचा पत्रा नवा टाकला, रेडिएटर खोलून साफ केला, ब्रेकचं सगळं काम केलं. काचांचं रबर कुर्ल्याच्या भंगारबाजारात तीन फेऱ्या मारून मिळालं. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र जुने शोधायचेच नव्हते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि 1991 च्या रबराला त्याची सवय नाही, ते फुगतं, मऊ पडतं, कार्ब्युरेटरमध्ये त्याचे कण जातात. चाचांनी ते सगळं बदललं आणि जुन्या पाइपचा एक तुकडा माझ्या हातात दिला. बोटाने दाबला तर चिघळलेल्या चिक्कीसारखा चिकटला.

कागदपत्रांचं लिहीत नाही. पंधरा वर्षांनंतरची नोंदणी, पर्यावरण कर, फिटनेस, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. एकाने सुचवलं की विंटेज म्हणून करून घ्या. त्याला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे 2041. तोवर मी पंच्याहत्तरीला टेकलेला असेन.

ही म्हणजे आमची सौ. एवढ्या महिन्यांत एकदाही "त्या पैशात नवी गाडी आली असती" म्हणाली नाही. माझी तर उत्तरं तयार होती. पहिल्या फेरीला मी पुढचं दार उघडून धरलं तर ती मागचं दार उघडून आत बसली. म्हणाली, "पुढे बसले तर तुमची बायको. मागे बसले तर मालकीण." गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत गेलो, पूर्ण वेळ काच वर. एसी चालत नाही हे मी तिला सांगितलं नव्हतं.

शनिवार

आज गाडी घेऊन एकटाच अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते जागोजागी खोदलेले, आणि पॉवर स्टेअरिंग नसल्याने प्रत्येक वळणाला खांदा बोलतो. ॲव्हरेज सात. शहराबाहेर पडल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये दाबली तेव्हा सायलेन्सरमधून जो घुमलेला आवाज आला तो छान होता, खोटं का बोलू. एका ढाब्यावरचा पोरगा धावत बाहेर आला, दोन मोटारसायकलवाल्यांनी अंगठा दाखवला. वर पेट्रोलपंपावर एकाने सेल्फी काढला, त्यात मी अर्धा कापलेला.

आणि तरीही काहीतरी कमी होतं. परतताना महिरावणीच्या पुढे लक्षात आलं. ते सगळे गाडी बघत होते आणि मी डांबर बघत होतो. मला समोर काय दिसतं? बॉनेटचा काळा पत्रा आणि काट्यांची डबी. 1988 पासून मला जी हवी होती ती गाडी रस्त्याच्या कडेला उभं राहिल्यावर दिसते. मी पैसे भरून आत येऊन बसलो आणि नेमका तिथूनच ती दिसत नाही. उभी असली तर दिसते, पण ती चालती हवी होती. दुकानाच्या काचांत तिचं प्रतिबिंब बघायचा प्रयत्न केला, तर एक रिक्षा थोडक्यात वाचली.

रात्री धाकटीला विचारलं, "उद्या थोडा वेळ आहे का गं?"

रविवार, संध्याकाळ

तिला आधी कॉलनीतल्या मैदानाला चार चकरा मारायला लावल्या. "बाबा, हिला वळायचं असेल तर आधी अर्ज द्यावा लागतो का?" म्हणत दोन्ही हातांनी चाक ओढत होती. पण जमलं. ठरलं असं की मी सातपूरच्या स्टॉपवर उतरायचं, तिने पपया नर्सरीपर्यंत जाऊन गाडी वळवून आणायची आणि माझ्यासमोरून न थांबता जायचं. न थांबता हे मी तिला दोनदा बजावलं. सौ. मागे होतीच. "मलाही उतरायचंय का?" तिने विचारलं. म्हटलं, नको, साहेब लागतोच.

स्टॉप आता पूर्वीचा नाही, जागाही दहावीस पावलं सरकली असेल. मी आपला अंदाजाने उभा राहिलो. शेजारी कॉलेजची दोन पोरं मोबाइलमध्ये मान घालून. दहा मिनिटं झाली. मग पंधरा. स्कूटर गेल्या, टेम्पो गेला, एक मिक्सर गेला. तळहाताला घाम आला होता, साठाव्या वर्षी, स्वतःच्याच गाडीसाठी.

आली.

आधी एका टेम्पोच्या आड नुसता बॉनेटचा कोपरा, मग टेम्पो डावीकडे सरला आणि पूर्ण नाक. ऊन बॉनेटवरून सरकत काचेवर गेलं, काचेवरून टपावर. धाकटी ओठ घट्ट मिटून समोर बघत होती, माझ्याकडे बघायचं नाही हे तिला मी सांगितलं नव्हतं तरी. मागच्या काचेत सौ. ताठ बसलेली, पदर नीट घेतलेला. डावं मागचं दार समोरून गेलं. पुट्टी काढून नवा पत्रा जोडला ती जागा मला ठाऊक आहे म्हणून दिसली, दुसऱ्या कुणाला दिसायची नाही. मग ती कंबर, मग डिकी. तेवढ्यात दोघांतला एक पोरगा मान वर करून म्हणाला, "अबे, काय गाडी ए!"

मी काही बोललो नाही. जातच होती ती अजून.

सिग्नलच्या दिशेने दिसेनाशी झाली. ठरल्याप्रमाणे पुढून वळून मला घ्यायला यायची होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सिटीलिंकची बस येऊन थांबली, कंडक्टर दारातून ओरडला, "काका, येताय का?" मी हाताने नको म्हटलं आणि त्याच क्षणी फोन वाजला.

"बाबा, आयटीआय सिग्नलपाशी थांबलेय. काटा पार वर गेलाय. बॉनेटमधून वाफ येतेय."

"बंद केलीस का? रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. अजिबात हात लावू नकोस." बहुतेक फॅनबेल्ट. बुधवारीच ढिला वाटला होता.

बस अजून उभी होती. चढलो आणि म्हटलं, "आयटीआय सिग्नल, एक."

खिडकीची जागा मिळाली. सिग्नलच्या अलीकडे डाव्या हाताला ती दिसली, बॉनेट वर केलेलं, भोवती पाचसहा बघे. धाकटी त्यांच्यातल्या एकाला बॉनेटपासून लांब हटवत होती. सौ. मागच्या सीटवरच बसून होती, आरसी बुकाने वारा घेत. मी उतरून काचेवर टकटक केलं. तिने काच चार बोटं खाली केली.

"आलात? पाण्याची बाटली आणलीत का?"