बाब्या पक्कड, भाग दोन : बंब उंबऱ्यावर अडलाय

आमच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाच्या पटकथेचा खर्डा पक्का झाला, वाड्यातले प्रसंग चित्रित झाले, कोर्टाचे बाकी आहेत. पहिला भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाब्या पक्कड म्हणजे जुन्या वाड्यांतले पितळी नळ उचकटून भंगारात घालणारा भुरटा चोर. एका वाड्यातल्या आजी त्याला रंगेहाथ धरतात, मोरीत कोंडतात आणि सगळे गळके नळ दुरुस्त करून घेऊन मगच सोडतात. नळ ठिबकताना दिसला की गड्याला राहवत नाही, हात आपोआप खिशातल्या वायसरकडे जातो. चोर असून तो आवडतो, ते एवढ्याच भांडवलावर.

दुसऱ्या भागासाठी सिनेमा करणाऱ्या आमच्या टोळीतल्या निम्म्यांना त्याला मोठं करायचं होतं. सराफाची पेढी, भुयार, मध्यरात्र वगैरे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर बाब्याने वेगळं खणायची गरज काय, हा माझा पहिला आक्षेप. दुसरा जरा गंभीर. भुरट्याचा दरोडेखोर केला की त्याच्या जागी कोणीही चालतो, बाब्याच कशाला हवा? २००३ च्या 'मुन्नाभाई एमबीबीएस'नंतर २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' करताना दिग्दर्शक राजकुमार हिरानींनी (संकलन शिकले ते आपल्याच लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये) मुन्नाला बडा डॉन केला नाही. मुन्ना आणि सर्किट ठेवले, मेडिकल कॉलेज गुंडाळलं, नायिकाही बदलली आणि त्याच्यापुढे थेट गांधीजी उभे केले. माणूस तेवढाच राहिला, पेच नवा आला. आमच्याकडे गांधीजी नाहीत, पण कायदा सापडला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७९ च्या जागी चोरीची शिक्षा आता कलम ३०३ मध्ये आहे. त्यात एक गंमतीची तरतूद आहे: चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. तीही बिनपगारी. आजींनी पहिल्या भागात तक्रारच केली नव्हती, त्यामुळे बाब्याची पाटी कोरी! आता तो प्रत्येक वस्तूची किंमत विचारून मग चोरतो. दुकानदार म्हणतो, "घ्यायचंय का नुसतं विचारताय?" बाब्या प्रामाणिकपणे सांगतो, "घ्यायचंय हो, पण किमतीवर आहे."

पण राहत्या घरातून चोरी केली की कलम ३०५ लागतं, सात वर्षांपर्यंत कैद, आणि ही सवलत तिथे नाही. आमच्या टोळीतल्या एका वकीलकाकांनी हे दाखवलं आणि सिनेमाचा मधला अर्धा भाग आयताच मिळाला. वाडा पुनर्विकासाला चाललाय, सामान बाहेर निघतंय. आजींच्या सासूबाईंच्या वेळचा, आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब हमालांनी दिंडी दरवाजाच्या उंबऱ्यावर टेकवलाय आणि ते चहाला गेलेत. बंबाचं पोट रस्त्याकडे, तोटी आत. बाब्या समोर उकिडवा बसून विचार करतोय, हा माल घरातला की रस्त्यावरचा? एका बोटाने तो बंब जरा बाहेर सरकवतो. आतून आजींचा आवाज येतो, "कोण आहे रे?" बंब पुन्हा आत. आणि ऐन वेळी तोटी ठिबकायला लागते.

हा एकच प्रसंग मला अख्ख्या बँक दरोड्यापेक्षा प्यारा आहे.

कोर्टात भांडण चोरीवर नाहीच, किमतीवर आहे. भंगाराच्या तराजूवर बंब पाच हजारांच्या आत बसतो, जुन्या बाजारातल्या शौकिनाच्या लेखी तो पुष्कळ वर जातो. वाडा विकायला निघालेला आजींचा पुतण्या जन्मभर ज्याला "अडगळ" म्हणाला त्यालाच आता पुरातन ठेवा ठरवतो. आणि ज्या आजींनी तो बंब दर दिवाळीला चिंचेने घासला, त्या साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहून म्हणतात, "भंगार आहे हो मेलं, बुडाला भोक आहे." पूर्ण सिनेमात त्या एवढंच खोटं बोलतात.

आता तांत्रिक. घासलेला बंब म्हणजे आरसाच, कॅमेरा, माईकवाला आणि कट्ट्यावरची मांजर सगळे त्यात दिसतात. उपाय: कॅमेऱ्यासमोरची बाजू घासायचीच नाही, काजळी राहू द्यायची, चमक फक्त कडेला. कॅमेरा थोडा तिरका आणि त्यावर काळं कापड. माजघरातल्या जुन्या ट्यूबलाईटमुळे चित्र लुकलुकत होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ज्यावर चित्रण करतो त्या फोनचं शटर १/५० सेकंदावर बांधून टाकलं आणि ते थांबलं.

आवाज हा आमचा आवडता छळ. गणपती जवळ आले की संध्याकाळी नदीपात्रातून ढोल-ताशांचा सराव ऐकू येतो, तेव्हा सगळे संवाद सकाळी उरकायचे. चौकातला घुमारा गोधड्या आणि सतरंज्या टांगून निम्मा झाला. तोटीचं ठिबकणं मात्र वेगळं ध्वनिमुद्रित केलं. थेंबाचा "टप्" थेंब आपटण्याने होत नाही, पाण्याखाली अडकलेला हवेचा इवला बुडबुडा थरथरतो त्याचा तो आवाज. पाण्यात भांड्याचा साबण असेल तर बुडबुडा नीट धरत नाही आणि "टप्" मरतो. तेव्हा पातेलं स्वच्छ विसळून घ्या. पाण्याची पातळी बदलत गेलात की वेगवेगळे "टप्" मिळतात, विनोदाच्या टायमिंगला फार उपयोगी. बाब्याचा धीर सुटण्याआधीचे तीन थेंब आम्ही वेगळ्या पातळ्यांवरून घेतलेत.

राहिलं काय? भंगारवाल्याचा जुना, साखळ्यांचा टांगता तराजू हवाय, पारडं ज्यात बंब बसेल एवढं मोठं. हल्ली सगळ्यांकडे इलेक्ट्रॉनिक काटे, आणि आकडा लुकलुकण्यात ती मजा नाही, पारडं हळूहळू खाली जायला हवं. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा, परत देऊ. न्यायाधीशांच्या भूमिकेला एक निवृत्त मास्तर तयार आहेत. उकाड्यात काळा कोट घालणार नाही एवढीच त्यांची अट, म्हणून कोर्टही सकाळी सातलाच भरणार.