कुंभार्ली घाटात पेटलेला ऑईलचा दिवा: गुहागर ते पुणे, कराडच्या एका मुक्कामासह

मे महिन्यातील दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसहा वाजता आम्ही गुहागरहून पुण्याकडे निघालो. गाडीत मी, पत्नी, सासरे आणि आंब्याच्या चार पेट्या होत्या. गाडी २०११ सालची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक असून त्या दिवशी मीटरवर १,८७,४०० किलोमीटर नोंदलेले होते. चार दिवसांपूर्वी याच रस्त्याने, म्हणजे कराड, पाटण आणि कुंभार्ली घाट या मार्गाने, आम्ही कोकणात उतरलो होतो आणि तेव्हा गाडीने कसलीही तक्रार केली नव्हती. घाट उतरताना इंजिनावर भार जवळपास नसतोच, त्यामुळे जो दोष जाताना दिसत नाही तो परतीच्या चढावर उघडा पडतो, हे मला या प्रवासात समजले. जुनी गाडी घेऊन या मार्गाने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून पुढील हकिकत सविस्तर लिहीत आहे.

चिपळूणपर्यंतचा रस्ता निर्विघ्न पार पडला. पोफळी मागे पडून घाटाचा चढ सुरू झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन बराच वेळ मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास राहिले. साधारण अर्धा घाट चढल्यावर डॅशबोर्डवरील ऑईलचा, म्हणजे ऑईलचा दाब उतरल्याचे सांगणारा, लाल दिवा क्षणभर लुकलुकला. मला तो भास वाटला. दोन वळणांनंतर तो पुन्हा दिसला आणि त्याबरोबर बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी बारीक, जलद टिकटिक ऐकू येऊ लागली. सासरे एस.टी.च्या कार्यशाळेत अनेक वर्षे काम करून निवृत्त झालेले आहेत. ते मागच्या आसनावरून एवढेच म्हणाले, "जावईबापू, आधी इंजिन बंद करा, मग बोलू." मी गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घेतली आणि इंजिन बंद केले.

तापमानाचा काटा थोडा वर गेला तर पुढचे गाव गाठण्याचा विचार करता येतो, परंतु ऑईलचा दिवा ती मुभा देत नाही. इंजिन चालू असताना क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि तिला आधार देणारी बेअरिंगे एकमेकांना टेकलेली नसतात. त्यांच्यामध्ये एका मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी फट असते आणि दाबाखाली आलेले ऑईल त्या फटीत राहून धातूला धातूपासून वेगळे ठेवते. हा दाब नाहीसा झाला की बेअरिंग खराब व्हायला काही मिनिटेसुद्धा पुरतात. शिवाय बहुतेक गाड्यांतील हा दिवा दाब फारच खाली, म्हणजे साधारण ०.३ ते ०.५ बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) उतरल्यावर पेटतो. दिवा दिसतो तेव्हा सावध होण्याची वेळ आधीच टळून गेलेली असते.

डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहण्यासाठी गाडी सपाटीवर हवी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे झालेली हवीत. घाटात सपाट जागा सहज मिळत नाही, आणि उतारावर उभ्या गाडीची डिपस्टिक सरळसरळ चुकीचे माप दाखवते. मी घाई करून पाहिले तेव्हा ऑईल किमान खुणेच्या खाली दिसले. नंतर माथ्याजवळच्या मोकळ्या जागेत पुन्हा पाहिले तेव्हा ते किमान खुणेच्या थोडे वर होते. ऑईल काळे होते, पण त्यात पांढरट फेस नव्हता, म्हणजे रेडिएटरचे पाणी मिसळलेले नव्हते, आणि त्याला पेट्रोलचा वासही येत नव्हता. माझ्याकडे डिकीत एक लिटरचा डबा होता. त्यातील अर्धा लिटर ऑईल ओतून मी इंजिन सुरू केले. दिवा विझला, टिकटिकही काही सेकंदांत थांबली, आणि आजार सापडला असे समजून मला फार बरे वाटले.

सासऱ्यांना ते पटले नव्हते. ऑईल किमान खुणेच्या वर होते, तर केवळ अर्ध्या लिटरने एवढा फरक पडायला नको, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. माथ्यापासून काही किलोमीटरवर, हेळवाकजवळ, दिवा पुन्हा लागला. या वेळी टिकटिक अधिक मोठी होती. इंजिन बंद करून पंधरा मिनिटे थांबल्यावर सगळे पुन्हा ठीक झाले. थोडा वेळ विश्रांती दिली की बरे होते आणि भार पडला की पुन्हा बिघडते, हीच या दोषाची खूण होती. मात्र तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

जवळच्या एका लहान गॅरेजमधील तरुणाने पाहून सांगितले की ऑईल प्रेशर स्विच, म्हणजे दाब उतरल्यावर तो दिवा लावणारा स्विच, खराब झाला आहे, तो बदला आणि जा. असा स्विच बिघडतो हे खरे आहे, तो स्वस्त असतो आणि पुष्कळ वेळा दोष खरोखर त्याचाच निघतो. परंतु स्विच फक्त दिवा लावू शकतो; टॅपेट, म्हणजे दाब कमी पडला की टिकटिकणारे व्हॉल्व्हचे भाग, वाजवू शकत नाही. दिवा आणि आवाज एकाच वेळी येत असतील, तर दाब खरोखरच कमी झाला आहे असे धरूनच चालावे. आम्ही विमा कंपनीच्या मदतसेवेला फोन केला आणि गाडी सपाट पाठीच्या वाहनावर चढवून कराडला नेली. दोरी बांधून टोचन करून नेण्याची तयारी एकाने दाखवली होती, पण ती आम्ही नाकारली. इंजिन बंद असताना ब्रेकला बूस्टरची मदत मिळत नाही आणि स्टिअरिंगही जड होते. डोंगरी रस्त्यावर असा प्रवास करू नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: घाटातील काही वळणांवर माझ्या फोनला संपर्क मिळत नव्हता, त्यामुळे मदतसेवेचा क्रमांक आणि पॉलिसीचा क्रमांक कागदावर लिहून गाडीत ठेवावा.

कराडमधील मिस्त्रींनी सर्वप्रथम आवाज ऐकला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून मूठ कानाच्या मागील हाडाशी धरली की आवाज नेमका कोठून येतो ते कळते. मात्र फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात व कपडे दूर ठेवावेत. टिकटिक वरच्या भागातून, व्हॉल्व्ह कव्हरमधून येत होती. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, म्हणून टॅपेटचा आवाज क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा येतो आणि तो हलका असतो. बिग एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडला जातो तेथील बेअरिंग, गेले असेल तर खालून जड ठोका येतो, भार टाकल्यावर तो वाढतो आणि अॅक्सिलरेटर एकदम सोडल्यावर विशेष स्पष्ट होतो. क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन सैल झाली असेल तर थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद खरखर ऐकू येते. एक्झॉस्टच्या जोडातून गळती असेल तर तोही आवाज टिकटिकीसारखाच भासतो, पण इंजिन तापल्यावर पुष्कळदा तो कमी होतो. खालून ठोका आहे अशी शंका आली तर एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची (पेट्रोल फवारणाऱ्या भागाची) वायर काही सेकंद काढून पाहतात. ज्या सिलिंडरला आवाज मंदावतो, तेथील बेअरिंग संशयित ठरते. मिस्त्रींनी ही चाचणीही केली. एकाही सिलिंडरला फरक पडला नाही, आणि तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

त्यानंतर त्यांनी स्विच काढून त्याच्या जागी दाब मोजणारा यांत्रिक गेज लावला. जो कोणी गेज न लावता निदान सांगतो, मग ते "सेन्सर गेला" असो किंवा "इंजिन गेले" असो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मोजमाप इंजिन पूर्ण तापल्यावरच करावे, कारण १५डब्ल्यू-४० प्रतीचे ऑईल १०० अंशांना ४० अंशांच्या तुलनेत सुमारे सात-आठ पट पातळ होते आणि थंड ऑईल झिजलेल्या इंजिनातही चांगला दाब दाखवते. अचूक आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. ते हाती नसेल तर दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा मेकॅनिक मंडळींचा जुना अंदाज कामी येतो. आमच्या गाडीत आयडलिंगला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, ०.६ बार आणि दोन हजार फेऱ्यांना १.५ बार दाब आला. इंजिन तीन हजारांवर धरल्यावर मात्र दाब वाढण्याऐवजी काटा थरथरू लागला आणि मिनिटाभरात तो १ बारच्या खाली उतरला.

मिस्त्रींनी लगेच सांगितले, "पंपाला ऑईलच मिळत नाही. बेअरिंगे झिजली असती तर आयडलिंगला दाब पडला असता आणि रेज केल्यावर वाढला असता. इथे उलटे होते आहे." जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला तरीही दाब वर चढत नाही, पण त्यात काटा असा थरथरत नाही आणि गाडी थोडा वेळ बंद ठेवून फरक पडत नाही. आमच्या इंजिनात ऑईल ओढून घेणारी जाळी, म्हणजे स्ट्रेनर, तुंबलेली असावी. वेग वाढला की मळ जाळीवर घट्ट चिकटतो आणि इंजिन बंद केल्यावर त्यातील काही खाली गळून पडतो, असा त्यांचा तर्क होता. घाटात मिळालेल्या त्या फसव्या आरामाचे कारण मला इथे उमगले. अर्धा लिटर ऑईलने काहीच साधले नव्हते. तेथील थांब्याने जाळी तेवढ्यापुरती मोकळी झाली होती.

रविवारी सकाळी ऑईल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑईल साठणारे भांडे, उतरवले. जाळीचा अर्ध्याहून अधिक भाग डांबरासारख्या काळ्या मळाने भरलेला होता आणि त्यात रबरासारखे करड्या रंगाचे तुकडे अडकलेले होते. ते सीलंटचे होते. दीड वर्षापूर्वी चेंबरची गळती थांबवण्यासाठी एका गॅरेजमध्ये काम करून घेतले होते आणि तेथे सीलंट गरजेपेक्षा फार जास्त लावले गेले होते. कडांवर लावलेले जादा सीलंट जितके बाहेर दिसते तितकेच आतही येते आणि कालांतराने तुटून ऑईलमध्ये पडते. मळाला मात्र मी जबाबदार होतो: रोजचा प्रवास सहा किलोमीटरचा, त्यामुळे इंजिन पूर्ण तापत नसे, आणि किलोमीटर कमी झाले म्हणून मी ऑईल बदलणे वर्षाच्या पलीकडे लांबवत असे. इंजिनातील वाफ बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही चिकटलेला निघाला.

चेंबर उघडलेच आहे तर बिग एंडच्या दोन कॅप काढून पाहा, असा आग्रह सासऱ्यांनी धरला आणि तो रास्त होता. बेअरिंगचा करडा थर शाबूत होता, खालचा तांब्याचा रंग कोठेही दिसत नव्हता. जुना फिल्टर कापून त्याची घडी पांढऱ्या कागदावर पसरली, तेव्हा चमकणारा कीस दिसला नाही. हे करताना चुंबक फिरवून पाहतात, परंतु चुंबकाला फक्त लोखंडी कण चिकटतात. बेअरिंगचा धातू चिकटत नाही, म्हणून डोळ्यांनीही नीट पाहणे आवश्यक असते. जाळी आणि चेंबर धुतले, जुने सीलंट खरवडून काढले, नवा फिल्टर, नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचेच ऑईल घातले. दाब कमी आहे म्हणून जाड ऑईल घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. गेजवरचा आकडा त्याने वाढतो, पण तुंबलेल्या जाळीतून जाड ऑईल अधिकच कष्टाने जाते. इंजिन फ्लशचा, म्हणजे मळ सोडवणारे द्रव्य घालून इंजिन आतून धुण्याचाही मोह टाळावा. जुन्या इंजिनातील मळ एकदम सुटला तर तो थेट जाळीवर येऊन बसतो.

काम पूर्ण झाल्यावर गेज पुन्हा लावला. तापलेल्या इंजिनात आयडलिंगला १.१ बार आणि तीन हजारांना ३.२ बार दाब आला आणि काटा स्थिर राहिला. टॅपेटची टिकटिक बंद झाली होती. गाडी वाहून आणण्याचा खर्च मदतसेवेत बसला; गॅरेजचे ७,८०० रुपये आणि एका रात्रीच्या मुक्कामाचे भाडे एवढाच भार आमच्यावर पडला. वाटेतल्या सल्ल्याप्रमाणे स्विच बदलून पुढे निघालो असतो, तर कराडपर्यंतच्या अंतरात क्रँक खराब झाली असती यात मला शंका वाटत नाही.

रविवारी चार वाजता कराड सोडले. सातारा आणि पुढे खंबाटकीचा बोगदा पार करेपर्यंत मी वेग ताशी सत्तरच्या आत ठेवला आणि दोन ठिकाणी थांबून चेंबरच्या कडेला गळती नाही ना ते पाहिले. उरलेला मळ सुटून येईल म्हणून मिस्त्रींनी हजार किलोमीटरनंतर ऑईल आणि फिल्टर पुन्हा बदलायला सांगितले होते. ते काम जुलैमध्ये केले, फिल्टर पुन्हा कापून पाहिला, आणि त्याच्या घडीत सीलंटचे आणखी दोन बारीक तुकडे मिळाले.