तुम्ही विचारलंत म्हणून: आपला नंबर कितवा?

इतिहास शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर निवांत भेळ खाता येत नाही. कुणीतरी जुना विद्यार्थी गाठतोच. "सर, जगात सगळ्यात मोठं साम्राज्य कुणाचं? आणि त्यात आपला नंबर कितवा?" पहिल्या प्रश्नात त्याला फारसा रस नसतो, हे मला ठाऊक असतं.

तरी सांगतो. क्षेत्रफळात इंग्रज पहिले. 1920 च्या सुमारास साधारण 3 कोटी 55 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे पृथ्वीवरच्या जमिनीचा जवळपास चौथा हिस्सा. मग मंगोल, सुमारे 2 कोटी 40 लाख, आणि तेही सलग. तिसरा झारचा रशिया. मराठ्यांचा आकडा 1760 च्या आसपास 25 लाखांच्या घरात धरतात. आजच्या भारतापेक्षाही कमी. पहिल्या दहांत आपण नाही.

इथं चेहरा पडतो. मग मी विचारतो, नकाशात रंग भरताना तू काय काय धरणार?

इंग्रजांच्या बेरजेत संस्थानं धरलेली असतात. सांगली-मिरजेचे पटवर्धन, फलटणचे निंबाळकर, औंधचे पंतप्रतिनिधी, सगळे नकाशातल्या इंग्रजांच्या त्या गुलाबी रंगात. मग आपण चौथाईचा, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आपल्याला देणारा, मुलूख का सोडायचा? 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून शाहू महाराजांसाठी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. पण पुढं त्याच सुभ्यांत निजाम बसला. आता ती जमीन कुणाच्या रंगात? बंगालचंही तेच. 1751 च्या तहात अलीवर्दीखानानं नागपूरकर भोसल्यांना वर्षाला 12 लाख चौथाई कबूल केली, पण नवाब तोच राहिला.

माझं मत विचाराल तर बंगाल मी धरत नाही. सांगलीच्या राजाला इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी तह करता येत नव्हता; नवाबाला करता येत होता. पैसे देणं वेगळं, हुकमात असणं वेगळं. माळवा मात्र धरतो, तिथं आपले कमाविसदार, म्हणजे महसूल अधिकारी, बसून वसूल करत होते. (मोगलांनाही हाच न्याय लावा. औरंगजेबानं 1700 साली अजिंक्यतारा घेतला, काही वर्षांत तो मराठ्यांनी परत घेतला. दख्खन जिंकून मोगल सगळ्यात मोठे झाले म्हणतात, तो हाच काळ.)

एवढ्यावर तो गप्प बसत नाही. "आणि अटक, सर?" अटक आहेच. 1758 मध्ये लाहोर घेतलं, पुढं अटकेपर्यंत गेलो, आणि 1759 च्या अखेरीस अब्दालीनं पंजाब परत घेतला. म्हणजे पंजाब आपल्याकडं धड दोन वर्षंही नव्हता. 1760 च्या बेरजेत तो मी तरी धरणार नाही.