प्राण्यांच्या कागदकामातून मुळाक्षरे

बालवाडीत मुळाक्षरे शिकवताना अक्षराशेजारी प्राण्याचे चित्र लावण्याची पद्धत सगळीकडे आहे. हत्तीचे चित्र पाहून मूल ‘ह हत्तीचा’ असे मोठ्याने म्हणते; पण चित्र झाकून नुसता ह दाखवला की बरीच मुले गप्प होतात, कारण त्यांनी ओळखलेला असतो तो हत्ती, अक्षर नव्हे. म्हणून माझ्या वर्गात आम्ही प्राणी अक्षराच्या शेजारी न ठेवता अक्षरातूनच घडवतो, आणि या पद्धतीचा मी मनापासून आग्रह धरते.

कार्डशीटवर मी वीतभर उंचीचा ह काढते आणि त्याची रेघ दोन बोटे रुंद ठेवते. मुले करड्या घोटीव कागदाचे कपटे फाडतात आणि त्या रेघेच्या आत चिकटवतात. लिहिण्याची सुरुवात जिथून होते तिथूनच चिकटवायला सुरुवात करायची आणि रेघ जशी वळेल तसे पुढे जायचे, एवढा एकच नियम मी पाळायला लावते. त्यामुळे पेन्सिल हातात येण्याआधीच बोटांना अक्षराचे वळण कळते. मारिया माँटेसरी यांची खरखरीत कागदाची अक्षरेही मुले याच हेतूने बोटांनी गिरवतात. ह चा खाली लोंबणारा बाक म्हणजे हत्तीची सोंड. वर गुलाबी कागदाचा सुपाएवढा कान लावायचा, पण तो एकाच कडेने चिकटवायचा, म्हणजे पुढे कधीही तो मागे दुमडता येतो आणि मुलासमोर उरतो तो निखळ ह. अक्षर एका रंगाचे आणि प्राण्याचे कान, चोच, शेपटी दुसऱ्या रंगाची, हे पथ्य प्रत्येक प्राण्याला लागू आहे.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ उत्तम. थंड पाण्यात मैदा गुठळ्या न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवावा. खळ टिकावी म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालत असत. ते विषारी आहे आणि मुलांची बोटे तोंडात जातात, तेव्हा ते कटाक्षाने टाळावे आणि खळ लागेल तेवढी ताजीच करावी.

खरा विचार लागतो तो प्राणी निवडताना. ‘ग गाईचा’ हे कानाला गोड वाटते, पण गाय या शब्दात मुलाला ऐकू येतो तो गा. अक्षर नुसते शिकवायचे असेल, तर शब्दाच्या आरंभी ते काना-मात्रेविना यायला हवे. त्या दृष्टीने गरुड, बदक, मगर, ससा, कबुतर, तरस, शहामृग, वटवाघूळ आणि अजगर हे फार उपयोगी आहेत. च साठी मी चिमणी न घेता चतुर घेते. पावसाळा सरताना तो अंगणात भिरभिरताना दिसतो आणि पतंगी कागदाचे त्याचे पारदर्शक पंख मुलांना अतिशय आवडतात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा परिसरातल्या वस्तूंमधूनच शिकण्याची साधने घडवली. प्राणी निवडतानाही आधी मुलाच्या परिसरात पाहावे, असे मला वाटते.

ण आणि ळ यांनी मराठीत शब्दाची सुरुवात होत नाही. तिथे ‘हरणातला ण’ आणि ‘कावळ्यातला ळ’ असे सरळ सांगावे. ळ ची दोन वेटोळी म्हणजे कावळ्याचे दोन डोळे. मध्ये काळ्या कागदाची चोच लावली की काम झाले. थ आणि ठ यांच्यासाठी ओढूनताणून प्राणी शोधू नये, थवा आणि ठसा पुरेसे आहेत. बदकाच्या पावलाचा ठसा केला तर तोही प्राण्यांच्या जवळचाच.

इंटरनेटवरून नमुने छापून घेणाऱ्यांना एक विनंती आहे. अनेक टंकांमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्या मुलांच्या हाती पाकळीचा ल आणि देठाचा श द्यायला हवा, म्हणून ही दोन अक्षरे तरी हाताने काढावीत.

अक्षरे ओळखीची झाली की हीच कार्डे काना-मात्रांसाठी चालतात. मगरीच्या म शेजारी तपकिरी पट्टीचा काना ठेवला की मा होतो, आणि त्याच पट्टीला शेपटी लावली की माकड. काना ठेवून वर निळी मात्रा दिली की मोर, कान्याविना दोन मात्रा दिल्या की मैना. मुंगी आणि मेंढी यांत अनुस्वारही येतो, त्यामुळे त्या मी शेवटी घेते, आणि अनुस्वाराच्या टिंबासाठी पंचिंग यंत्रातून पडलेल्या गोल टिकल्या वर्षभर डबीत साठवून ठेवते.