‘धिस’ परत करणाऱ्या मेथडची साखळी: माझा अनुभव

अहवालांसाठी डेटाबेसमधून नोंदी काढणारा एक लहानसा क्वेरी-बिल्डर, म्हणजे डेटाबेसला करायची विचारणा (क्वेरी) तयार करणारा कोड, मी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता. त्यातली प्रत्येक मेथड (ऑब्जेक्टवर चालवायचे फंक्शन) शेवटी ‘धिस’, म्हणजे ती ज्या ऑब्जेक्टवर चालवली तोच ऑब्जेक्ट, परत करत असल्यामुळे टेबल, अटी आणि नोंदींचा क्रम हे सारे टिंबामागून टिंब देत एका दमात लिहिता येत असे. अशा रचनेला मार्टिन फाउलर आणि एरिक इव्हान्स यांनी २००५ मध्ये ‘फ्लुएंट इंटरफेस’ हे नाव दिले. माझा कोड खरोखरच वाक्यासारखा वाचता येत होता आणि त्याचे मला मोठे समाधान होते.

दोन अहवाल एकाच क्वेरीवरून काढायची वेळ आली, तेव्हा चूक उघड झाली. ‘सक्रिय ग्राहक’ एवढीच अट लावलेली क्वेरी मी ‘मूळ’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवली, तिला चालू महिन्याची अट जोडून पहिला अहवाल काढला आणि मग त्याच ‘मूळ’ला थकबाकीची अट जोडून दुसरा काढला. दुसऱ्यात नोंदी फारच कमी आल्या. तयार झालेले एसक्यूएल (डेटाबेसला पाठवायची आज्ञा) छापून पाहिले, तर महिन्याची अट त्यातही होती. साखळी वाचताना प्रत्येक टिंबानंतर नवी क्वेरी हाती येते असे वाटते, पण ऑब्जेक्ट पहिल्यापासून एकच होता. जावात मजकूर जोडत नेणाऱ्या स्ट्रिंगबिल्डरची ‘अपेंड’ ही मेथड अशीच वागते, म्हणजे तोच ऑब्जेक्ट बदलते. स्ट्रिंग या साध्या मजकुराच्या प्रकारातल्या मेथड मात्र मूळ मजकुराला हात लावत नाहीत. वरवर दोन्ही साखळ्या सारख्याच दिसतात.

मी ऑब्जेक्टमधली सर्व फील्ड ‘फायनल’ (एकदा भरल्यावर पुन्हा दुसरे मूल्य न घेणारी) केली आणि प्रत्येक मेथड अटींच्या यादीची प्रत घेऊन नवा ऑब्जेक्ट देईल असे केले. डेटाबेसच्या फेरीला लागणाऱ्या वेळापुढे या प्रतींचा खर्च नगण्य होता.

टेबल न सांगताच क्वेरी चालवता येत होती, हा दोष अजून शिल्लक होता. त्यासाठी मी तीन इंटरफेस (त्या टप्प्यावर कोणत्या मेथड वापरता येतील हे ठरवणाऱ्या याद्या) केले: पहिल्यात फक्त टेबल सांगणारी मेथड, जी दुसरा इंटरफेस परत करते, दुसऱ्यात अट, क्रम आणि ‘चालवा’, आणि क्रम सांगितल्यावर मिळणाऱ्या तिसऱ्यात केवळ ‘चालवा’. ऑब्जेक्ट तयार करणारा कन्स्ट्रक्टर खाजगी, म्हणजे बाहेरून न वापरता येणारा, ठेवल्याने सुरुवात पहिल्या इंटरफेसपासूनच करावी लागते, आणि मेथड चुकीच्या क्रमाने लिहिल्या तर कोड चालण्याआधीच कंपायलर अडवतो. पुढे नोंदींची मर्यादा सांगणारी ऐच्छिक मेथड हवी झाली, तेव्हा तिच्यासाठी चौथा इंटरफेस करण्याचे मी टाळले. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही इंटरफेसमध्ये ठेवली, कारण मर्यादा नोंदींच्या क्रमाच्या आधी सांगितली काय किंवा नंतर, एसक्यूएल तेच तयार होते.